हा थकवा ‘वय झालं’ म्हणून सोडू नका

भूम तालुक्यातल्या ईटसारख्या गावात कुणाला अटॅक येऊन गेला की पुढचे पंधरा दिवस त्या घरी माणसांची रीघ लागते. बार्शी, सोलापूर नाहीतर पुण्याहून प्लास्टी करून आणलेले आबा ओसरीवर बाजेवर टेकून बसलेले असतात. येणारा विचारतो, ‘‘आबा, कसं वाटतंय?’’ आबा म्हणतात, ‘‘बरंय. छातीत आता काही नाही.’’ ऐकणाऱ्याला हायसं वाटतं. हळूहळू रीघ आटते आणि पोरं कामाला लागतात. तीन महिन्यांनी तोच प्रश्न विचारला तर उत्तर बदललेलं असतं. ‘‘छातीत काही नाही रे, पण जीव दमतो. न्हाणीतून आलं तरी बसावं लागतं. अंगात काही राहिलंच नाही बघ.’’ यावर समोरचा ठरलेलं वाक्य बोलतो, ‘‘आता वय झालं आबा. एवढं मोठं दुखणं येऊन गेलं, थकवा राहणारच.’’

हा लेख त्या ठरलेल्या वाक्याच्या विरोधात आहे. अटॅक येऊन गेलेल्या निम्म्याच्या आसपास लोकांना काही महिन्यांनंतरही असा थकवा जाणवतो. पुष्कळांना होतो म्हणून तो सोसायचा असतो, असं नाही. या थकव्यामागे सहसा एकच मोठं कारण नसतं. थोडं रक्त कमी, थोडी झोप कमी, एखादी गोळी जास्तीची, दोन महिने बाजेवर काढलेले, जेवण निम्म्यावर आलेलं आणि मन खचलेलं, असे सुंभाच्या दोरीसारखे पाच-सहा पीळ एकमेकांत बसलेले असतात. एकेक पीळ वेगळा पाहिला तर किरकोळ वाटतो. म्हणूनच घरचे लक्ष देत नाहीत आणि तपासणीच्या गर्दीत डॉक्टरांपुढे तो निघतही नाही. यातले बरेचसे पीळ सुटणारे असतात, आणि त्यासाठीच हा सगळा खटाटोप.

आधी धोक्याचा थकवा ओळखा

रोजचा थकवा आणि आज अचानक आलेला थकवा यांत फरक करायला घरातल्या प्रत्येकाने शिकलं पाहिजे. काल गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आलेले आबा आज उंबरा ओलांडताना दमत असतील, अंगाला गार घाम येत असेल, छातीवर, जबड्यात, पाठीत किंवा डाव्या हातात दाब वाटत असेल, श्वास पुरत नसेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. पित्त झालं असेल, गॅस धरला असेल म्हणत सोडा पाजण्यात वेळ घालवू नका.

म्हाताऱ्या माणसांत, मधुमेह असलेल्यांत आणि बायकांमध्ये छातीत कळ न येताही अटॅक येतो. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अटॅक येऊन गेलेल्या ५१५ बायकांना आधीच्या दिवसांतली लक्षणं विचारली होती. त्यांतल्या सुमारे ७० टक्के जणींनी महिनाभर आधीपासून नेहमीपेक्षा वेगळा थकवा येत होता, असं सांगितलं. तेव्हा ज्या घरात एकदा अटॅक येऊन गेला आहे, तिथे नव्याने वाढलेला थकवा हे लक्षण समजूनच वागायचं.

आणखी एक गोष्ट फाईलमध्ये पाहा. पुष्कळदा अटॅकच्या वेळी बंद पडलेली एकच नळी उघडलेली असते आणि बाकीच्या नळ्यांतले लहान-मोठे ब्लॉक ‘नंतर पाहू’ म्हणून ठेवलेले असतात. ते ‘नंतर’ घरचे विसरतात. चालताना येणारा आणि बसलं की पाच मिनिटांत उतरणारा थकवा त्या उरलेल्या ब्लॉकचाही असू शकतो. फाईल घेऊन जा आणि स्पष्ट विचारा, ‘‘अजून कुठल्या नळीत काही राहिलंय का?’’

पंप किती चालतो

टू-डी इकोच्या कागदावर ‘ईएफ’ म्हणून एक आकडा असतो. हा आकडा पाहून घरोघर घबराट होते. ‘‘ईएफ पंचेचाळीस आलंय, म्हणजे निम्म्यापेक्षा जास्त हृदय गेलं,’’ असं समजून लोक रडतात. तो परीक्षेतल्या शंभरपैकी गुणांसारखा आकडा नाही. हृदयाच्या डाव्या कप्प्यात जेवढं रक्त भरतं, त्यातलं किती टक्के एका ठोक्यात बाहेर फेकलं जातं, एवढंच तो सांगतो. निरोगी माणसाचं हृदयही सगळं रक्त फेकत नाही. साधारण ५५ ते ७० हा चांगला आकडा. ४० च्या खाली आला तर पंप अशक्त झाला असं समजायचं. पंचेचाळीसवाला माणूस नीट औषधं आणि चालणं ठेवून आपलं रोजचं जगणं बऱ्यापैकी जगू शकतो.

पंप खरोखरच कमी पडू लागला की थकव्याबरोबर आणखी काही दिसतं. संध्याकाळी पायांवर सूज येते, बोटाने दाबलं तर खळगा राहतो. सपाट झोपलं की दम लागतो, उशाला दोन उशा घ्याव्या लागतात. दोन-तीन दिवसांत वजन २ किलोने वाढतं. ती ताकद नसते, अंगात साठलेलं पाणी असतं. म्हणून साधा वजनकाटा घरात आणा. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करायचं आणि कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहायचं. या कामाला शाळेतला नातू उत्तम. तो चुकवत नाही.

इथेच एका गोष्टीबद्दल कळकळीने सांगायचं आहे. आपल्याकडे थकवा म्हटलं की सलाईन हे समीकरण डोक्यात पक्कं बसलं आहे. ‘‘दोन बाटल्या लावा डॉक्टर, जरा तरतरी येईल.’’ साध्या सलाईनच्या ५०० मिलीच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं. हृदयरोग्याला दिवसभराच्या सगळ्या जेवणात मिळून जेवढं मीठ चालतं, जवळजवळ तेवढं एका बाटलीतून थेट रक्तात जातं, वर अर्धा लिटर पाणी. आधीच दमलेल्या पंपावर हे ओझं पडलं की रात्रीतून फुप्फुसात पाणी भरू शकतं. जुलाब-उलट्यांनी अंग कोरडं पडलं असेल तर गोष्ट वेगळी, तो निर्णय डॉक्टरांचा. पण नुसत्या थकव्यासाठी हृदयाच्या पेशंटला हौसेने सलाईन लावून घेऊ नका. ताकदीचं लाल इंजेक्शनही कमतरता तपासल्याशिवाय घेऊ नका.

गोळ्यांची पिशवी गोधडीवर ओता

ज्या घरात अटॅक येऊन गेला आहे, तिथे खुंटीला एक प्लास्टिकची पिशवी लटकलेली असते. एक दिवस ती सगळी गोधडीवर ओता आणि एकेक पाकीट हातात घेऊन पाहा. मोठ्या अक्षरातलं कंपनीचं नाव सोडून द्या, त्याखाली बारीक अक्षरात औषधाचं खरं नाव असतं, ते वाचा. शिकलेल्या पोराला किंवा सुनेला चष्मा लावून वाचायला बसवा. बऱ्याच पिशव्यांत असं निघतं की पुण्याच्या दवाखान्याने लिहिलेली मेटोप्रोलोल एका नावाने चालू आहे, आणि मध्ये बीपी वाढलं म्हणून जवळच्या दवाखान्यातून आणलेल्या दुसऱ्या नावाच्या पाकिटातही तेच औषध आहे. म्हातारा माणूस इमानाने दोन्ही घेतो. नाडी मिनिटाला अठ्ठेचाळीसवर येते, उठलं की गरगरतं, आणि घरात सगळे म्हणतात, अटॅकने खाल्लं.

मेटोप्रोलोल, बिसोप्रोलोल, कार्व्हेडिलोल या गोळ्या हृदयाचा वेग कमी करतात. त्याने हृदयाला विसावा मिळतो, पण काहींना त्यामुळे सुस्ती येते, पाय जड वाटतात. रामिप्रिल, टेल्मिसार्टनसारख्या गोळ्यांनी बीपी फार उतरलं तर उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे काजवे चमकतात. लघवीच्या गोळीने सोडियम, पोटॅशियम घसरलं तर अंगातलं बळच जातं. टिकाग्रेलोर या रक्त पातळ करणाऱ्या गोळीने काही जणांना उगीचच श्वास पुरत नसल्यासारखं होतं. कोलेस्टेरॉलच्या गोळीने मांड्या-पोटऱ्या दुखू शकतात. ही यादी वाचून कुणी घाईने गोळ्या बंद करू नयेत, म्हणून लगेच पुढचं वाचा.

स्टेंट टाकल्यानंतर अ‍ॅस्पिरिन आणि तिच्या जोडीची रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने थांबवली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन दुसरा, आणि बहुधा पहिल्यापेक्षा वाईट, अटॅक येऊ शकतो. जोडीची गोळी सहसा वर्षभर चालते, ती कधी थांबवायची ते डॉक्टर सांगतात. हृदयाचा वेग कमी करणारी गोळीही एकदम तोडली तर ठोके उसळतात. बरं, थकव्याचा सगळा दोष या गोळीवर टाकणंही खरं नाही. फ्रान्समध्ये ३,६९८ रुग्णांवर झालेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, अटॅकनंतर स्थिर झालेल्या काही जणांची ही गोळी थांबवून पाहिली. त्यांचं रोजचं जगणं काही सुधारलं नाही. दवाखान्यात भरती होण्याचं प्रमाण मात्र वाढलं. त्याच वर्षी मुख्यतः स्वीडनमध्ये झालेल्या दुसऱ्या मोठ्या चाचणीत, ज्यांचं पंपिंग ५० टक्के किंवा त्याहून चांगलं होतं, त्यांना अटॅकनंतर ही गोळी सुरू करून फारसा जास्तीचा फायदा दिसला नाही. म्हणजे कुणाला ती लागते, किती लागते, याचा विचार डॉक्टरही नव्याने करत आहेत. तुम्ही विचारलंत तर डोस कमी होऊ शकतो, वेळ बदलू शकते, औषध बदलू शकतं. विचारायला मात्र तुम्हालाच लागेल. ‘‘डॉक्टरसाहेब, ही गोळी चालू झाल्यापासून हातपाय गळतात’’ असं थेट सांगा, आणि सोबत आठ दिवसांची नाडी आणि बीपी लिहून न्या.

नाडी मोजणं अवघड नाही. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटं ठेवा, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट ठोके मोजा. पन्नासच्या खाली असेल, किंवा ठोके मध्येच चुकत, कधी भरभर कधी सावकाश येत असतील, तर ती वेगळी गोष्ट आहे आणि त्यासाठी ईसीजी काढावा लागतो. ठोक्यांची लय बिघडणं हे म्हाताऱ्या माणसांत थकव्याचं एक मोठं कारण आहे, आणि ते बोटांखाली सापडतं.

रक्त कुठे गेलं

पुरुषांत हिमोग्लोबिन १३ आणि बायकांत १२ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेचं मोजमाप सांगतं. आपल्याकडे नऊ-दहावर चालणाऱ्या आज्या घरोघर आहेत. सुदृढ हृदय तेवढ्यावर ओढून नेतं, दुखावलेल्या हृदयाला ते जड जातं.

त्यात अटॅकनंतर रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या चालू असतात. त्यावर गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक पडली, की जठरातून थेंब थेंब रक्त जाऊ लागतं. पोटात दुखेलच असं नाही. शौच डांबरासारखी काळी आणि चिकट होते, एवढंच दिसतं, आणि म्हातारी माणसं ते कुणाला सांगत नाहीत. विचारा. लाज बाळगू नका. लोहाच्या गोळीनेही शौच काळी होते, म्हणून ती चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. गुडघेदुखीसाठी कुठली गोळी चालेल ते आधी विचारून घ्या. अशा सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी मूत्रपिंड बिघडतं आणि अंगात पाणीही साठतं.

माळकरी घरांत बी-१२ ची कमतरता वरचेवर आढळते. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन आणि पित्तासाठी रोज पँटोप्राझोल चालू असेल तर ती आणखी वाढते. थायरॉइड मंद पडला असेल, साखर वर-खाली होत असेल, मूत्रपिंड थकलं असेल, तरी माणूस असाच गळून जातो. म्हणून एकदा पुरती रक्ततपासणी करून घ्या: हिमोग्लोबिन, साखर आणि एचबीएवनसी, क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम, थायरॉइड, बी-१२. हिमोग्लोबिन, साखर आणि बीपी तर प्राथमिक आरोग्य केंद्रातही पाहतात.

बाजेवरून पहिल्या खांबापर्यंत

आता या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. एके काळी जगभर अटॅकच्या रोग्याला सहा सहा आठवडे पलंगावर निपचित ठेवत. कूस बदलायलाही बंदी असे. १९५२ साली बोस्टनच्या सॅम्युएल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाउन या डॉक्टरांनी आपल्या ८१ रोग्यांना पलंगाऐवजी आरामखुर्चीत बसवल्याचा अनुभव छापला. तेव्हा ही भलती जोखीम वाटली होती. रोगी मात्र बरे राहिले, आणि पलंग सुटायला सुरुवात झाली. तीन वर्षांनी, १९५५ मध्ये, अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांना अटॅक आला, आणि पुढच्याच वर्षी ते निवडणूक लढवून पुन्हा अध्यक्ष झाले. आज दवाखान्यातच रोग्याला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चालवतात. आपल्या ओसरीवरची बाज मात्र अजून १९५२ च्या आधीचीच आहे. माया म्हणून, काळजी म्हणून सून पाण्याचा तांब्याही हातात देते, आणि आबा दिवसभर छताकडे बघत पडून राहतात.

पडून राहण्याची किंमत मोजून झालेली आहे. साठीपुढच्या निरोगी माणसांना फक्त १० दिवस अंथरुणावर ठेवलं तेव्हा त्यांच्या पायांतलं जवळजवळ १ किलो मांस झिजलं. ही तर धडधाकट माणसं होती. आजारी माणसाने दोन महिने पडून काढले तर पायांत काय उरेल? मग तो उठतो, पाय लटपटतात, दम लागतो, घरचे म्हणतात, ‘‘पडा तुम्ही.’’ पडल्याने आणखी झिजतं. हा फेरा हृदयापेक्षा पायांतून तोडावा लागतो.

डॉक्टरांनी चालायला हरकत नाही असं सांगितलं की घरापासून सुरुवात करा. गावात अंतर मोजायला विजेचे खांब आहेत, त्यांचा उपयोग करा. पहिल्या दिवशी दारातून पहिल्या खांबापर्यंत जायचं, तिथे क्षणभर थांबायचं आणि परत यायचं. हे सकाळ-संध्याकाळ. ते सहज जमलं की दोन-तीन दिवसांनी दुसरा खांब. सपाट रस्ता धरा, चढ नको. जेवल्यावर तासभर चालू नका. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा सूर्य वर यायच्या आत चालून घरी या. चालताना शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे. बोलताना वाक्य तुटत असेल तर वेग जास्त आहे, कमी करा. छातीत दाब आला किंवा चक्कर आली तर तिथेच बसा. असं करत महिना-दीड महिन्यात सलग अर्धा तास चालणं बहुतेकांना जमतं. एखादा दिवस वाईट जाईल, त्या दिवशी एक खांब मागे या, पण बाजेवर परत जाऊ नका.

सोबत पायांचा एक सोपा व्यायाम. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर बसायचं आणि हात न टेकता उठायचं, पुन्हा बसायचं. आधी पाच वेळा, मग आठ, मग दहा. ज्यांची बायपास झाली आहे, छातीचं हाड कापलेलं आहे, त्यांनी पहिले तीन महिने पाण्याची घागर, पोतं असलं काही उचलायचं नाही, पण चालणं त्यांनाही हवंच.

योगासनांचं विचाराल तर भारतातच एक मोठी चाचणी झाली आहे. २४ दवाखान्यांतल्या ३,९५९ अटॅकच्या रोग्यांपैकी निम्म्यांना तीन महिन्यांत योगाचे १३ वर्ग दिले. २०२० साली निकाल आले. त्यातून पुढचे अटॅक आणि मृत्यू निश्चितपणे कमी झाले असं सिद्ध झालं नाही, मात्र योग करणाऱ्यांना आपली तब्येत अधिक बरी वाटू लागली आणि ते अटॅकच्या आधीच्या कामांकडे जास्त प्रमाणात परतले. थकलेल्या माणसाला हेच तर हवं असतं. श्वास रोखून धरणं आणि शीर्षासनासारखे प्रकार तेवढे टाळा.

दूध भट्टीवर जातं

भूम तालुका खव्यासाठी नावाजलेला, कुंथलगिरीचा पेढा दूरवर जाणारा. भेटायला येणारे पेढे आणतात, ते आबांना वर्ज्य, हे सगळ्यांना कळतं. पण जे कळत नाही ते असं की घरातलं बहुतेक दूध भट्टीवर किंवा डेअरीला जातं, चहापुरतं मागे उरतं, आणि ज्याला दूध-दह्याची सगळ्यात जास्त गरज आहे तो म्हातारा माणूस वरणाच्या पाण्यात भाकरी कुस्करून खात असतो. अटॅक आला म्हणून तेल बंद, शेंगदाणे बंद, अंडं बंद, दूध बंद, सगळंच बंद. असं जेवून अंगात बळ कुठून यायचं?

म्हाताऱ्या माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला एक ग्रॅम किंवा थोडी जास्त प्रथिनं लागतात. ज्वारीची भाकरी ठेवा, पण तिच्या जोडीला घट्ट वरण हवं, मटकी, हुलगे हवेत, साय काढलेलं दूध आणि दही हवं, मूठभर भाजलेले शेंगदाणे हवेत. खाणाऱ्या घरात एखादं अंडं हवं. दात नसतील तर हुलग्याचं माडगं करा. हातचं राखायचं ते मिठात. दिवसभरात सगळं मिळून एक लहान चमचा, म्हणजे ५ ग्रॅम. लोणचं, पापड, ठेचा आणि फरसाण यांतून ते नकळत दुप्पट होतं. मूत्रपिंड बिघडलेलं असेल तर प्रथिनं किती, आणि पायावर सूज असेल तर पाणी किती, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. उन्हाळ्यात लघवीची गोळी घेणाऱ्यांनी तर हे आवर्जून विचारावं, कारण घाम आणि गोळी मिळून अंग फार कोरडं करतात.

रात्रीची लाईट आणि मनावरचं ओझं

झोपेचं पाहा. लघवीची गोळी संध्याकाळी घेतली तर रात्री चार वेळा उठावं लागतं. ती सकाळी घेता येईल का, विचारा. आठवडाभर शेताला रात्रपाळीची लाईट असली की पाणी द्यायला पोरगा जातो, आणि घरी म्हातारा बाप मोटार चालू झाली का, साप-किरडू तर नाही ना, म्हणून जागा राहतो. त्याला ‘‘झोपा’’ म्हणून झोप येत नाही. पोराने मोटार चालू झाली की घरी एक फोन केला तर बाप निवांत झोपतो. इतकी साधी गोष्ट आहे. जोरात घोरताना मध्येच श्वास थांबत असेल, सकाळी डोकं जड असेल, तर तो झोपेतला श्वासाचा आजार असू शकतो. त्यालाही इलाज आहे.

आणि मन. अटॅक आलेल्या दर पाच जणांतल्या साधारण एकाला नैराश्य येतं. आपल्याकडे म्हातारी माणसं ‘‘मला उदास वाटतं’’ असं म्हणत नाहीत, ‘‘अंगात जीव नाही’’ म्हणतात. कर्ज फिटलेलं नसतं, ऑपरेशनचा खर्च पोरावर पडलेला असतो, आपण आता ओझं झालो हे मनात घोळत असतं. पंधरा दिवसांहून जास्त काळ कशातच रस वाटत नसेल, पारावर जावंसं वाटत नसेल, नातवाशी बोलणं बंद झालं असेल, तर ते डॉक्टरांना सांगा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी फोन दिवस-रात्र फुकट चालतो, मराठीत बोलता येतं. डॉ. अभय बंग यांचं ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे पुस्तक अनेक मराठी घरांत पोहोचलं आहे. स्वतः डॉक्टर असलेला माणूस आपल्याच हृदयविकाराकडे कसा पाहतो, हे त्यात आहे. डोळे साथ देत असतील तर आबांच्या हातात ते द्या, नाहीतर वाचून दाखवा.

आजींबद्दल वेगळं लिहावं लागतं. आबांना बाजेवरून उठू देत नाहीत, आणि आजी मात्र दवाखान्यातून आल्यावर आठव्या दिवशी चुलीपुढे. तिच्या थकव्याला घरात कुणी थकवा म्हणत नाही. धुराची चूल तिच्या हृदयाला बाधते, दातांना लावायची मिश्री म्हणजे तंबाखूच असते, आणि सगळ्यांचं जेवण झाल्यावर उरलेलं खाणं हे तिचं प्रथिनांचं गणित. तिलाही चालायला वेळ हवा आणि कामातून सुटका हवी, दोन्ही. तपासणीची तारीख तिच्याबाबतीतच जास्त चुकते, हे घरातल्या पोरांनी ध्यानात ठेवावं.

एका कागदावर हे सगळं लिहा: थकवा कधीपासून, कशाने येतो, बसल्यावर जातो का, आठ दिवसांची नाडी, बीपी, वजन, रात्री किती वेळा उठता, सगळ्या गोळ्यांची बारीक अक्षरातली नावं, मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्यांसकट. तो कागद, इकोची फाईल आणि गोळ्यांची पिशवी घेऊन जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, आशाताईंना सोबत घ्या. गरज पडली तर धाराशिवचं जिल्हा रुग्णालय आहे, आणि जिथे प्लास्टी झाली तो दवाखाना आहे. ‘‘वय झालं’’ असं उत्तर मिळालं तर उठू नका. अटॅकच्या आधी काय काय जमत होतं आणि आज काय जमत नाही ते सांगा, आणि पुन्हा विचारा. पुढची तपासणीची तारीख महिन्यावर असेल तर तोपर्यंत थांबू नका, याच आठवड्यात जा.